दोरी कुणाच्या हातात?

अमेरिका आणि कॅनडातल्या शाळांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षे एक भांडण चालू आहे. स्वमग्न मुलाने शिकवून तयार केलेला मदतनीस कुत्रा वर्गात बरोबर आणावा की नाही, हे ते भांडण. आपल्याकडे ही बातमी आलीच तर फोटोसकट येते. गोंडस मूल, गोंडस कुत्रा, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मला त्या फोटोबद्दल लिहायचे नाही. त्या फोटोच्या बाहेर एक बाई उभी असते आणि कुत्र्याची दोरी तिच्या हातात असते. तिच्याबद्दल लिहायचे आहे.

आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "रेशन नाही, पाणी नाही, आणि तू परदेशातल्या कुत्र्यांचे काय घेऊन बसलीस?" प्रश्न रास्त आहे. थोडा धीर धरा, उत्तर देते.

आधी हा कुत्रा करतो काय ते समजून घेऊ. तो लाडाचा कुत्रा नव्हे. बहुधा लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचा, महिनोन् महिने शिकवलेला. मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या अंगातल्या पट्ट्याला बांधतात आणि दोरीचे दुसरे टोक मोठ्या माणसाच्या हातात असते. स्वमग्न मुले पुष्कळदा अचानक सुटून पळतात. रस्ता, पाणी, रेल्वेचे रूळ, काही दिसत नाही. मूल धावू लागले की कुत्रा जागच्या जागी बसकण मारतो आणि मूल थांबते. वर्गातला गोंगाट सोसेनासा होऊन मूल डोके आपटू लागले, की कुत्रा त्याच्या मांडीवर अंगाचा भार टाकून आडवा होतो. त्या भाराने ते शांत होत जाते. मुंबई-पुण्याच्या काही विशेष शाळांत प्रशिक्षित कुत्री मुलांना भेटायला येतात, तीही चांगली गोष्ट आहे. पण तो पाहुणा, तासाभराने घरी जाणारा. हा कुत्रा मुलाचा, दिवसभराचा.

याचा उपयोग होतो का? २०१० साली कॅनडात ४२ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सकाळी उठल्यावर ताणाचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक किती वाढते, ते मुलांच्या लाळेतून मोजले होते. कुत्रा येण्यापूर्वी ही वाढ ५८ टक्के होती, कुत्रा घरात असताना १० टक्क्यांवर आली, आणि काही दिवस कुत्रा काढून घेतला तेव्हा परत ४८ झाली. बेचाळीस मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये. पण आकडा खाली आला, आणि कुत्रा नेल्यावर पुन्हा वर गेला, हे मला पुरेसे बोलके वाटते.

आता शाळा काय म्हणतात ते ऐका. इलिनॉय राज्यात शाळेच्या कायद्यातच लिहिले आहे, की मदतनीस प्राण्याला विद्यार्थ्याबरोबर वर्गात आणि वर्गाबाहेर येऊ द्यावे. तरीही व्हिला ग्रोव्ह गावच्या शाळेने युक्तिवाद केला की हा कुत्रा मुलाच्या आज्ञा ऐकत नाही, म्हणून तो मुलाचा मदतनीस नाहीच. ज्या मुलाला बोलता येणे हाच प्रश्न आहे, त्याने आधी कुत्र्याला हुकूम सोडून दाखवावा! २०१० साली तिथल्या अपील न्यायालयाने हे फेटाळले. कुत्रा मुलाच्या भल्यासाठी शिकवलेला असला म्हणजे झाले, हुकूम कोण देतो याला महत्त्व नाही. त्याच राज्यातल्या कोलंबिया गावी वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या ॲलर्जीचे कारण पुढे आले. ॲलर्जी खोटी नसते. पण दोन मुलांना दोन खोल्यांत बसवता येते, आणि अमेरिकेचे न्याय खातेही ॲलर्जी किंवा भीती हे कुत्रा नाकारण्याचे कारण मानत नाही.

मिशिगनमधल्या नेपोलियन गावची गोष्ट तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मुलीला सेरेब्रल पाल्सी. १३ हजार डॉलर लोकवर्गणी काढून कुत्रा मिळवलेला. शाळा म्हणाली, तिला आम्ही मदतनीस बाई दिली आहे, कुत्रा कशाला? मग महिनाभर चाचणी घेतली, तीही कशी, तर कुत्र्याने वर्गात मागे बसून राहायचे आणि बरीचशी कामे करायची नाहीत. २०१७ साली न्यायालयाने एकमताने मुलीला दाद मागण्याची वाट मोकळी केली. कुत्रा द्या किंवा देऊ नका, असे काही ते म्हणाले नाही. पण न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एक कसोटी सांगितली, ती मला फार आवडली: हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध किंवा नाट्यगृहाविरुद्ध करता आली असती का? असती, तर मग तो नुसता शिक्षणाचा मुद्दा नाही, भेदभावाचा आहे. त्याच वर्षी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मात्र मानवी हक्क न्यायाधिकरणाने एका नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाविरुद्ध, शाळेच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१९ मध्ये प्रांताच्या शिक्षण खात्याला सगळ्या शाळा मंडळांना लेखी धोरण करायला लावावे लागले.

इथवर ही अपंगांच्या हक्कांची लढाई आहे. (सरकार 'दिव्यांग' म्हणते. जिने न चढता येणाऱ्याला दिव्य म्हणायचे आणि उतरंड बांधायची नाही, हे मला जमत नाही.) आपला विषय इथून पुढे सुरू होतो.

अमेरिकेचा नियम, २०११ पासून लागू झालेला, म्हणतो की कुत्रा त्याला सांभाळणाऱ्याच्या ताब्यात हवा आणि कुत्र्याची निगा ही संस्थेची जबाबदारी नाही. 'सांभाळणारा'. किती साळसूद शब्द! इंग्रजीत तर स्त्री की पुरुष, हे कळायचेही नाही. आंधळ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत सांभाळणारा तो स्वतःच. पण सहा-सात वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाचा सांभाळणारा कोण? शाळांना उत्तर तोंडपाठ होते. कुत्रा आणा की, कोण नको म्हणतो? फक्त दोरी धरायला तुमचे माणूस तुमच्या खर्चाने पाठवा.

फ्लोरिडातल्या ब्रोवार्ड काउंटीच्या शाळा मंडळाने एका आईला हेच सांगितले. वर कुत्र्याचा विमाही उतरवायला सांगितला. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आणि झटके. ती बाई काही महिने रोज मुलाबरोबर शाळेत जाऊन स्वतः कुत्रा सांभाळत राहिली. नंतर शाळेने ते काम आपल्या एका सफाई कामगाराकडे दिले आणि शाळा काही कोसळली नाही! २०१५ साली न्यायालयाने दोन्ही अटी बेकायदा ठरवल्या. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. मुलाला कुत्र्यासकट बाहेर नेऊन आणणे म्हणजे कुत्र्याची निगा नव्हे, ती मुलाला केलेली मदत. मधुमेही मुलीला इन्शुलिनच्या पंपासाठी करतात तशी. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळा मंडळावर केंद्र सरकारने स्वतः दावा लावला. तिथेही आईने पदरचे पैसे मोजून दिवसभर माणूस ठेवला होता.

या दोन्ही खटल्यांत लढणारी आईच होती, याचे मला जराही आश्चर्य वाटले नाही.

मैत्रिणींनो, स्वमग्नतेच्या इतिहासात आईला मोकळे कधी सोडले होते? ब्रूनो बेटलहाइम या अमेरिकेतल्या नामवंत तज्ज्ञाने १९६७ साली पुस्तक लिहून आयांनाच आरोपी केले. आई थंड, मायाहीन, म्हणून मूल स्वतःत मिटते. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, हे खोडून काढले होते. तरी कितीतरी वर्षे बायका हा डाग घेऊन जगल्या. आता विज्ञान म्हणते की आईचा दोष नाही. बरे झाले. पण दोष काढून घेतला आणि काम ठेवले. तेव्हा आई कारण होती, आता आई उपाय आहे. दोन्ही वेळा बाकीचे सगळे सुटले.

आता रेशन-पाणीवाल्या मैत्रिणीचे उत्तर. आपल्या शाळेत मदतनीस कुत्रा नाही. आपल्याकडे शाळा आणि कुत्रा म्हटले की भटकी कुत्री आठवतात. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आवारातून ती हलवायला सांगितले. पण कुत्र्याच्या जागी आपल्याकडे कोण आहे, ते मी सांगते. मी होते.

माझा मुलगा आज बावीस वर्षांचा आहे. शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेने त्याला घेतले ते एका अटीवर: आईने शाळेत थांबायचे. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलेही नाही, मला विचारले, "तुम्ही नोकरी करता का?" मी सहकारी बँकेत होते. आधी बिनपगारी रजा, मग राजीनामा. चार वर्षे मी पाण्याची टाकी आणि जिना यांच्यामधल्या बाकावर बसले. तो पळाला की धरायचे, प्रार्थनेच्या भोंग्याने किंचाळला की मिठीत दाबायचे, मुतारीत न्यायचे. वर सांगितलेल्या कुत्र्याच्या कामांशी ही यादी ताडून बघा. फरक एवढाच, की कुत्र्याला वर्गात बसू देतात. मला व्हरांड्यात बसवले होते.

कॅनडातल्या एका अभ्यासात कुत्र्यांचाही विचार केला आहे. त्यांना कामानंतर विश्रांती मिळत नाही, खेळायला वेळ मिळत नाही, मुले नकळत ढोसतात, दिवसाचा काही नेम राहत नाही. अगदी खरे आहे, त्या मुक्या जनावराची कुणी दखल घेतली हे चांगलेच झाले. वाचताना मला तो बाक आठवत होता.

ज्यांना परवडते त्या घरांनी यावर तोड काढली ती 'शॅडो टीचर'ची. म्हणजे सावली. पैसे पालकांचे, आणि सावली बहुधा बाईच. ठरलेला पगार नाही, मे महिन्याचे पैसे नाहीत, मूल आजारी पडले की तिचा रोज बुडाला. एका बाईने आपली नोकरी वाचवायला दुसऱ्या बाईला कमी पैशांत उभे करायचे आणि शाळेने दोघींकडे पाठ करून बसायचे! घरकामगार बायकांच्या प्रश्नावर आपण संघटना बांधल्या, या सावल्यांची मोजणीदेखील केलेली नाही.

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, हे खरे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली, आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस अपंगत्वांत आली. त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, प्रत्येक मुलाला लागेल तो आधार द्यावा. शाळेने. आईचे नाव त्या कलमात कुठेही नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक.

म्हणून माझी भूमिका अशी आहे. मूल कुत्र्याने सावरत असेल तर कुत्रा वर्गात आलाच पाहिजे, उद्या आपल्याकडे आला तरी. पण कुत्रा आला म्हणून शिक्षिका कमी केली, तर त्याला माझा विरोध आहे. आणि दोरी आईच्या हातात देऊन शाळेने हात झटकले, तर तो कुत्रा मला हक्क वाटत नाही, घरातले आणखी एक काम वाटते. दोरी शाळेने धरावी, पगारी माणसाने धरावी, आणि ते माणूस पुरुष असायला काही हरकत नाही.

या जूनमध्ये आमच्या गटातल्या सात जणींनी आपापल्या मुलांच्या शाळांना कलम १६ चा हवाला देऊन एकच प्रश्न लेखी विचारला: साडेदहा ते पाच माझ्या मुलाची जबाबदारी तुमच्यापैकी कुणाची, त्यांचे नाव आणि हुद्दा कळवा. दोन शाळांची उत्तरे आली. एकीने विशेष शिक्षिकेची जागा भरायला काढली आहे. दुसरीने लिहिले आहे, "मातेने सहकार्य करावे." वडिलांचा उल्लेख नाही. ते पत्र आणि न आलेल्या पाच उत्तरांच्या पोचपावत्या घेऊन आम्ही पुण्याला राज्याच्या अपंग आयुक्तांकडे जाणार आहोत. ज्यांच्या शाळेने असे पत्र दिले असेल त्यांनी प्रत घेऊन यावे. ज्यांना तोंडी सांगितले असेल त्यांनी आधी ते शाळेकडून लिहून घ्यावे.