सीवूड्सचे रहिवासी : हरकतदार की नियोजक?

नव्या मुंबईच्या नकाशावर सीवूड्स हे नाव ठळक आहे. दारावे हे नाव मात्र रेल्वे स्थानकाच्या पाटीवर जोडनावापुरते उरले आहे. दारावे आणि करावे या गावांच्या परिसरात सेक्टर आखले गेले, खाडीकाठी अनिवासी भारतीयांसाठी संकुल झाले, स्थानकाच्या माथ्यावर मॉल आला. यांपैकी कोणताही निर्णय तेथे राहणाऱ्यांना विचारून झालेला नाही.

या शहराची मूळ कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. जमीन सार्वजनिक संस्थेच्या हाती घ्यावी आणि तिच्या वाढत्या मूल्यातून रस्ते, शाळा, पाणी यांचा खर्च भागवावा, हा त्यामागील अर्थविचार समाजवादी माणसाला पटण्याजोगाच होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. परंतु मालकी सार्वजनिक झाली म्हणजे निर्णय सार्वजनिक झाला, असे होत नाही. भूखंड जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याच्या पदरात टाकण्याची रीत पडली, की सरकारी महामंडळ आणि खाजगी जमीनदार यांत सामान्य माणसाला फारसा फरक जाणवत नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. नव्या मुंबईच्या नियोजनातील लोकसहभागाचा आरंभ हा असा आहे.

पुढील काळात गोळ्यांची जागा न्यायालयाने घेतली, इतकेच. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जमिनीवर इमारती आणि गोल्फचे मैदान करण्यासाठी शासनाने केलेला बदल उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. तेथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये डीपीएस तलावाकाठी रोहित पक्षी मरू लागले आणि भरतीचे पाणी तलावात येण्याचे मार्ग का बंद झाले, यावर ओरड झाली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. जागरूक रहिवाशांच्या चिकाटीचे हे यश निःसंशय मोठे आहे. पण ज्याला वकील परवडतो, ज्याला शासकीय राजपत्र वाचता येते, त्यालाच नागरिकत्व गाजवता येते, हेही त्यातून दिसते. करावे गावातील मासेमारी करणाऱ्याला भरतीच्या पाण्याची वाट कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक असते. नकाशा काढताना त्याला कोणी बोलावत नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९९३ च्या जूनमध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या; २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभांची तरतूद केली. क्षेत्रसभा कोठे नियमित भरते, हे शोधायला कार्यकर्त्याने दिवा घेऊन निघावे! नव्या मुंबईत तर २०२० च्या मे महिन्यात महापालिकेची मुदत संपल्यानंतर २०२६ च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही. महापालिकेची प्रारूप विकास योजना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच प्रशासकीय राजवटीत. तेव्हा सभागृहात एकही निर्वाचित प्रतिनिधी नव्हता. नागरिकांच्या वाट्याला आला तो हरकत नोंदविण्याचा अर्ज. हरकत म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयावरचा आक्षेप. तो नियोजनातील सहभाग नव्हे. आता १११ सदस्य २८ प्रभागांतून निवडून आले आहेत. २०११ च्या जनगणनेतील ११,२०,५४७ ही लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ४० हजार माणसे येतात. एवढ्या मोठ्या प्रभागात चार नगरसेवकांपैकी जाब कोणाला विचारायचा?

म्हणून सभा सेक्टरची आणि गावाची हवी, आणि तिच्या हाती पैसा हवा. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत योजना निधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात श्रमिक पक्षाने १९८९ पासून वस्तीसभांना अंदाजपत्रकात अधिकार दिला आणि गरीब वस्त्यांना झुकते माप दिले. पुणे महापालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून कामे मागविली. मात्र तेथील व्याप्ती छोट्या कामांपुतीच राहिली आणि अखेरची निवड नागरिकांच्या हाती आली नाही. लोहियांच्या चौखंबा राज्यातील गाव हा खांब शहरात वस्तीच्या रूपाने उभा करावयाचा, तर तो बाकांच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या पायावर उभा राहणार नाही.

येथे एक धोका आपल्याच लोकांनी ओळखला पाहिजे. रहिवासी म्हणजे गृहनिर्माण संस्थेचा सभासद, अशी समजूत सीवूड्ससारख्या भागात सहज रूढ होते. मग सभेचा पहिला ठराव येतो तो फेरीवाले हटविण्याचा. भाडेकरू, संकुलांत धुणीभांडी करणाऱ्या बाया, रात्रपाळीचे पहारेकरी, गावठाणातील आगरी-कोळी कुटुंबे यांना त्या सभेची सूचनाही मिळत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. क्षेत्रसभेच्या नियमांतही असे काही आल्याखेरीज ती सधनांचाच आवाज होईल. सभेची वेळ संध्याकाळची असणे, नोटीस मराठी आणि हिंदीत लागणे, नकाशा भिंतीवर टांगून समजावून सांगणे, या बाबी क्षुल्लक वाटतात. कोण येणार आणि कोण नाही, हे त्यांवरच ठरते.

महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडले जाते आणि खात्यांचे आकडे त्याच्या कितीतरी आधी जुळविले जातात. सीवूड्स, दारावे आणि करावे येथील कार्यकर्त्यांनी सभा भरवायच्या त्या दिवाळीपूर्वीच.