घाट कोणाच्या राखणीत?

ओपन-वर्ल्ड फँटसी गेमच्या नकाशावर एक तरी मुलूख रखरखीत आणि बेबंद असतो. तिथे पाणी नाही, सावली नाही, कोणाचा अंमल नाही. ‘ब्लॅक डेझर्ट ऑनलाइन’मधल्या वलेन्सियाच्या महावाळवंटात शिरले की नकाशावर आपण कुठे आहोत हेच दिसेनासे होते, दिवसा उष्माघाताची आणि रात्री गारठ्याची तजवीज करावी लागते, आणि तिथे दुसऱ्या खेळाडूला मारल्याचा ठपका कर्माच्या खात्यावर पडत नाही. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मधल्या गेरुडो वाळवंटात ऊन आणि थंडी यांसाठी वेगवेगळे पोशाख लागतात. हवामानाची बाजू अशा गेमनी मेहनतीने उभी केली आहे. बेबंदशाहीची बाजू मात्र बहुतेक गेममध्ये कच्ची राहते. दरोडेखोर खडकाआड तळ ठोकून बसलेलेच सापडतात. ते खातात काय, धान्य कुठून आणतात, दरोडेखोर होण्यापूर्वी काय करत होते, याचा पत्ता लागत नाही.

कोणताही मुलूख मुळातून बेबंद नसतो. तिथली जुनी देवघेव मोडते, तेव्हा तो बेबंद होतो. हे समजून घ्यायला गेम डिझायनरने फार लांब जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवर कन्नड, आणि तिथून चाळीसगावकडे उतरणारा सातमाळ्याचा घाट, एवढा टापू पुरेसा आहे.

हे वाळवंट नव्हे. जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर वाळत जातो. सालई, धावडा, अंजन, पळस यांची पाने गळतात आणि चैत्र-वैशाखात कडे उघडे पडतात. श्रावणात गर्द दिसणाऱ्या त्याच उतारावर तेव्हा माणूस लांबूनही नजरेस पडतो. ऋतू बदलला की लपण्याच्या जागा बदलतात, म्हणजे गेमच्या भाषेत सगळी लेव्हलच बदलते. एकच कायमचा उन्हाळा रंगवणारे वाळवंट ही संधी घालवते.

जमिनीची घडण लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. काही थर घट्ट, काही भेगाळ आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजतात, घट्ट थर कडे होऊन उभे राहतात, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. पाण्याचा हिशोबही या थरांतच आहे. भेगाळ थरातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि कड्याच्या पोटातून पाझरते. एका खोऱ्यात पाझर ज्या थराला सापडतो, शेजारच्या खोऱ्यातही तो त्याच थराला शोधावा. जो हे ओळखतो त्याला पाणी मिळते. गेममध्ये पाण्याचे ठिकाण चमकणाऱ्या खुणेने दाखवण्याऐवजी खडकाच्या रेषेने दाखवले, तर खेळाडू दोन-तीन ठिकाणी चुकेल आणि मग मुलूख वाचायला शिकेल. त्या शिकण्यात जी गोडी आहे ती कोणत्याही बक्षिसात नाही.

मुलूख वाचण्याचा दाखला याच भागातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे सांगत होते की इथे उतार नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतकी जवळजवळची गावे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. लेव्हल डिझायनरने ही घटना आपल्या टेबलावर लिहून ठेवावी. नकाशावर गाव मांडले की त्याच्यामागे वाट, पाणी आणि शेजार हे कारण म्हणून यायला हवे, आणि खेळाडूला उलट दिशेने, गावावरून वाट हुडकता यायला हवी.

सातमाळ्याचे घाट फार जुने. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत, आणि तिथल्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गांध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याची नोंद आहे. गोदाकाठचा व्यापारी डोंगराच्या उत्तर कड्यापाशी दान देतो, त्याअर्थी त्याचा माल या वाटेने जात होता. माल जातो तिथे राखण लागते, आणि राखण करणाऱ्याला मोबदला.

मराठा अमलापर्यंत सातमाळा आणि खानदेशात ही राखण मोठ्या प्रमाणावर भिल्लांकडे होती. गावात भिल्ल जागल्या असे, घाटावर नाईक आणि त्याची माणसे. वाटसरूंकडून आणि गावांकडून त्यांना धान्य व रोख असा ठरलेला हक्क मिळे. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही त्यांचीच. हा कागदावरचा कायदा नव्हता, पण दोन्ही बाजूंना माहीत असलेला आणि पिढ्यान् पिढ्या चाललेला कायदा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तो मोडला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली. गाव नाही तर हक्क देणार कोण? राखणदार डोंगरात गेले आणि ज्या वाटा राखत होते त्याच वाटा लुटू लागले. त्याच सुमारास पेशव्यांच्या सरसुभेदाराने सलोख्याच्या बोलणीसाठी कोपरगावला बोलावलेल्या भिल्लांची कत्तल केली. त्यानंतर कोणाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा, अशी स्थिती उरली नाही. १८२४ मध्ये लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर अजिंठ्याची लेणी पाहायला निघाला तेव्हा लोकांनी त्याला वाघांबरोबर भिल्लांचीही भीती घातली. बेबंद म्हणून जो मुलूख त्याच्या कानावर आला, त्याची बेबंदशाही तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती.

१८१८ नंतर डोंगराच्या उत्तरेला इंग्रजांचे खानदेश आणि दक्षिणेला निजामाचा मुलूख, अशी हद्द पडली. खानदेशचा पहिला अधिकारी जॉन ब्रिग्ज याने घाटांवर ठाणी बसवून डोंगरात जाणारे धान्य तोडले आणि शरण येणाऱ्या नाईकांना नेमणूक देऊन राखण पुन्हा त्यांच्याकडे सोपवली. डोंगर मैदानाच्या धान्यावर जगतो, हे त्याने नेमके हेरले होते. नुसत्या बळाने मात्र काम भागले नाही. १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडची कन्नडला होती. तिथून जमीन, बैल आणि तगाई देऊन वस्त्या बसवण्यात आल्या. त्याच वर्षी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तो भिल्लांबरोबर राहिला, त्यांच्यासोबत वाघाची शिकार केली, आणि माणसे मिळवली. कन्नडचा घाट आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या धाडसाच्या गोष्टी गेमसाठी मोहात पाडणाऱ्या आहेत, पण ही पलटण भिल्लांनाच भिल्लांविरुद्ध उभी करत होती, हे कथानकातून गाळू नये.

सगळ्यात बोलके उदाहरण सातपुड्यातल्या सेंधवा घाटाचे. तिथली राखण इंग्रजांनी खाज्या नाईकाकडे दिली होती. एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली आणि नोकरी गेली. १८५७ च्या नोव्हेंबरात त्याने त्याच रस्त्यावर सात लाख रुपयांचा सरकारी खजिना अडवून लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला इंग्रज फौजेशी त्याची मोठी लढाई झाली. माणूस तोच, घाट तोच, वाटेची माहितीही तीच. फक्त करार तुटला होता.

यातून गेमसाठी निघणारी रचना फारशी गुंतागुंतीची नाही, पण तिच्यासाठी शत्रू ठरावीक जागी उगवत ठेवण्याची सवय सोडावी लागते. घाट, गाव आणि तांडा यांच्यात हक्काचे खाते ठेवावे. खाते चालू असेपर्यंत नाईकाची माणसे खेळाडूला घाटापार पोचवतील. दुष्काळ पडला, गाव उठले किंवा कोणी नाईकाला फसवले, की खाते थांबेल आणि काही दिवसांनी तीच माणसे, त्याच चेहऱ्यांनी आणि त्याच नावांनी, वाट अडवतील. खेळाडूला तलवार चालवता येईल, पण धान्य पोचवणे, मध्यस्थी करणे, मोडलेला शब्द पुन्हा जोडणे हेही मार्ग हवेत. पाण्याचा ताबा, धान्याची वाट आणि ऋतू हे तीन घटक खात्याला जोडले, तर दर खेळात मुलूख वेगळा वागेल. संवाद लिहिणाऱ्यावर मात्र जास्त भार पडेल, कारण कालचा सोबती आज समोर उभा राहताना त्याला काही तरी बोलावे लागेल.

दुसरी जबाबदारी चित्रणाची. एका वेशाची, एका बोलीची, एका रंगाची सगळी माणसे जन्मजात लुटारू म्हणून दाखवणे ही गेममध्ये रुळलेली गोष्ट आहे. भारतात हीच कल्पना १८७१ मध्ये कायदा झाली. गुन्हेगार जमाती कायद्याने समाजाच्या समाजांवर जन्मापासून शिक्का मारला, हजेरी लावली, फिरणे बंद केले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला, आणि ते समाज आजही हा दिवस पाळतात. त्यांची मुले आज गेम खेळतात, काही बनवतातही. शत्रूच्या टोळीला जात चिकटवणारे डिझाइन कितीही देखणे असले तरी ते नाकारले पाहिजे. पटकथेच्या टप्प्यावर भिल्ल आणि पारधी समाजातल्या लेखक-अभ्यासकांना मोबदला देऊन सहभागी करून घेणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पुण्यात आणि संभाजीनगरात असा मुलूख उभारायला घेणाऱ्या प्रत्येक चमूने कन्नडचा घाट आणि पितळखोऱ्याचा परिसर एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात पायी पाहावा. कड्यावरचे पाझर कोणत्या थराला आहेत ते टिपावे, गावावरून वाट शोधून बघावी, आणि राखणीचा हक्क कोणाला मिळत होता ते नकाशावर लिहावे. पहिला दरोडेखोर त्यानंतरच मांडावा. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. आत जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी.