मेंदूतले जागले



नेरडीगोंड्यापासून आदिलाबादपर्यंत कुठल्याही मराठी घरात आजोबांचा हात थरथरायला लागला की एक उत्तर ठरलेलं असतं : "वय झालं आता." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी तो पार्किन्सन असतो, आणि "वय झालं" म्हणण्यात दोन-तीन वर्षं निघून जातात. म्हणून या वेळच्या गप्पा त्याच्याबद्दल.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. आपल्या आयुर्वेदात त्याच्याशी मिळताजुळता 'कंपवात' आहे. मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपल्या हालचाली त्याच्यावर सुरळीत चालतात. या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागतो तेव्हा त्यांतल्या बऱ्याच आधीच गेलेल्या असतात.

पण त्या मरतात कशाने? इथे मेंदूतले जागले येतात.

पूर्वी गावात रात्री जागल्या फिरायचा, तशा मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी गस्त घालतात. १९१९ साली पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिलं. आपल्या बारीक फांद्या सतत हलवत त्या आजूबाजूचा परिसर तपासतात, जंतू आला तर त्याला गिळतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. रोज मुकाट्याने चालणारं हे काम आहे.

१९८८ साली कॅनडातल्या पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले. त्या काळ्या पट्ट्यात हे जागले मोठ्या संख्येने खवळलेले दिसले. पुढे १९९७ साली कळलं, की आजारी पेशींत ज्या गुठळ्या दिसतात त्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या असतात. जागले या गुठळ्यांना शत्रू समजतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्या माऱ्यात शेजारच्या चांगल्या पेशीही सापडतात. त्या मेल्या की कचरा वाढतो, आणि कचरा वाढला की जागले आणखी चवताळतात. चोर पकडायला निघालेल्या जागल्याने घरच्यांवरच काठी चालवावी, तसं हे.

हे चक्र किती काळ चालू शकतं? अमेरिकेत काही जणांना एमपीटीपी नावाचा विषारी पदार्थ मिसळलेल्या नशेमुळे पार्किन्सनसारखा आजार झाला होता. त्यांतल्या तिघांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. विष शरीरात जाऊन कित्येक वर्षं लोटली होती, तरी जागले खवळलेलेच होते. हा अहवाल १९९९ सालचा. मात्र नेहमीच्या पार्किन्सनमध्ये आधी पेशी आजारी पडतात की आधी जागले बिथरतात, हा वाद अजून मिटलेला नाही. दाह कमी करून आजार थांबवणारं औषधही अजून आलेलं नाही. तेव्हा "मेंदूची प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणून कोणी महागडी पावडर विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

आपण कापसाच्या पट्ट्यातले. म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. पॅराक्वाट आपल्याकडेही तणनाशक म्हणून वापरलं गेलं आहे. फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो, असा याचा अर्थ नाही. पण हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारणं आणि घरी येताच साबणाने आंघोळ, एवढं बाबा-काकांकडून करून घेणं तुमच्या हातात आहे.

आता लक्षणं. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि कप उचलला की थांबतो. चालताना एक हात हलत नाही. अक्षर बारीक होत जातं, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. कधी कधी त्याच्याही कित्येक वर्षं आधी वास येणं कमी होतं, बद्धकोष्ठ होतं, झोपेत ओरडणं किंवा लाथा झाडणं सुरू होतं. यातलं एखादंच दिसलं म्हणून घाबरू नका, पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आजोबांच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याची मदत होते.

लेवोडोपाच्या गोळ्यांनी हालचाल पुष्कळ सुधारते. त्या वेळेवर घ्याव्या लागतात आणि मनाने अचानक बंद करायच्या नसतात. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेवोडोपा असतं हे खरं, पण म्हणूनच गोळ्या चालू असताना तिचं चूर्ण डॉक्टरांना न विचारता देऊ नका. रोजचा व्यायाम आणि माणसांची सोबतही तितकीच महत्त्वाची. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणून हेच काम करतं.

गोळ्यांच्या वेळेचा गजर तुमच्या मोबाइलवर लावा. संध्याकाळी आजोबांबरोबर दहा मिनिटं चाला. त्यांना बोलायला वेळ लागला, तर त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, त्यांनाच करू द्या.