मुष्टियुद्धाला निवेदक हवा

२०२१ च्या एप्रिल महिन्यात पोलंडमध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात स्पेनमध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने, युवा गटातील जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा दोन्ही वार्ता आपल्या वृत्तपत्रांत छायाचित्रांसह प्रसिद्ध झाल्या आणि विजेत्यांचे यथोचित कौतुकही झाले. परंतु त्या पदकांपर्यंत या मुली कोणत्या प्रतिस्पर्ध्यांना, कोणत्या डावपेचांनी, कसे नमवीत पोहोचल्या, हे सांगू शकेल असा सामान्य मराठी वाचक तेव्हाही विरळा होता आणि आजही आहे. पदक आपल्यापर्यंत पोहोचले, लढत पोहोचली नाही. हौशी मुष्टियुद्धाविषयी आपल्या समाजात जी उदासीनता दिसते तिचे मूळ मला येथेच आढळते, आणि ते दूर करण्याचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात असताना त्याचा उपयोग होऊ नये, याचे मनस्वी दुःख वाटते.

पराक्रमाची वाण आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगने मुष्टियुद्धातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक आणल्यानंतर मेरी कोम आणि लवलिना बोर्गोहेन यांनी ती परंपरा चालविली, निखत झरीन दोनदा जगज्जेती झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात लिव्हरपूल येथील जागतिक स्पर्धेत जास्मिन लंबोरिया व मीनाक्षी हुडा यांनी सुवर्णपदके जिंकली. आपल्या राज्यातही पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये आणि अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत या विद्येचे शिस्तबद्ध शिक्षण दिले जाते. तरीही जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेच्या दिवशी रिंगभोवती पाहावे तो खेळाडूंचे आईवडील, प्रशिक्षक आणि आपल्या पाळीची वाट पाहणारी मुले, एवढाच काय तो प्रेक्षकवर्ग.

याउलट कुस्तीचे पाहा. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील जत्रांची मैदाने अलीकडे यूट्यूबवर सरसकट थेट दाखविली जातात, आणि नोकरीनिमित्त मुंबईस, सुरतेस किंवा थेट आखातात गेलेला गावकरी रात्री आपल्या खोलीत बसून गावची कुस्ती शेवटपर्यंत पाहतो. हे केवळ कॅमेऱ्याने साधले, असे मानणे चुकीचे होईल. पैलवान हौद्यात उतरताच तो कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, कोणत्या वस्तादांचा पठ्ठा, मागील सालच्या मैदानात त्याने कोणाला आस्मान दाखविले, हे सर्व हलगीच्या तालावर खड्या आवाजात सांगणारा निवेदक तेथे असतो. पकड होताच तो घिस्सा, ढाक, लपेट असे डावांचे नाव घेतो, आणि कुस्तीचे ज्ञान नसलेला माणूसही चार मैदाने ऐकल्यावर काय पाहावयाचे हे शिकून जातो. इंटरनेटने या निवेदकाला नवा श्रोता मिळवून दिला, आणि मला वाटते, कुस्तीच्या आजच्या लोकप्रियतेत त्या आवाजाचा वाटा फार मोठा आहे. मुष्टियुद्धाच्या लढती आज कोठे कोठे इंटरनेटवर दिसतातही. पण त्या मुक्या असतात. लाल कोपऱ्यातील मुलगा कोण, निळ्यातील कोण, हेदेखील पाहणाऱ्याला उमगत नाही.

आणि या खेळाला तर समजावून सांगणाऱ्याची गरज कुस्तीहून अधिक आहे, कारण पाठ जमिनीला टेकली की निकाल लागला, अशी डोळ्यांना दिसणारी साक्ष येथे क्वचितच मिळते. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीअंती पाच पंच सरस ठरलेल्याला दहा गुण व दुसऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी देतात. ठोसा हातमोज्याच्या मुठीकडील भागाने आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर अथवा पट्ट्याच्या वरच्या अंगावर, समोरून किंवा बाजूने, स्वच्छ बसला तरच त्याची किंमत. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत भारताचा निशांत देव पहिल्या फेरीत पुढे असूनही मेक्सिकोच्या मार्को व्हर्देकडून ४-१ अशा मताधिक्याने हरला, तेव्हा समाजमाध्यमांवर अन्यायाचा एकच कल्लोळ उठला. निकालाविषयी शंका घेण्यास जागा होती, हे मीही मानतो. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत नेमके काय घडले, कोणाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पोहोचत होता आणि कोणाचे ठोसे बचावाच्या हातांवर आदळून वाया जात होते, याची चिकित्सा करणारा मजकूर मराठीत मला दिसला नाही. संतापाची लाट आठवड्यात ओसरली. तीच लढत पुनःपुन्हा थांबवून मराठीत कोणी उलगडून दाखविली असती, तर त्या संतापातूनच काही हजार जाणते प्रेक्षक निर्माण झाले असते.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. लोकांना खेचण्याच्या घाईत प्रतिस्पर्धी कोसळल्याची अर्ध्या मिनिटाची दृश्येच तेवढी पसरविली, तर पाहणारे मिळतील, पण आपली मुलगी या खेळात घालावी की नाही या विचारात असलेली आई मात्र कायमची दुरावेल. मुष्टियुद्धात इजा होते, आणि ती लपवू नये. परंतु मुलगा डगमगताच आठ अंक मोजणारा रेफरी, रिंगपाशी बसलेला आणि लढत थांबविण्याचा सल्ला देऊ शकणारा डॉक्टर, लढतीपूर्वीची वैद्यकीय तपासणी, हे सारे त्या आईला दिसले पाहिजे. म्हणून दाखवावयाची ती संपूर्ण लढत.

या खेळाच्या कारभाराचा पूर्वेतिहास पाहता सार्वजनिक दृष्टीची निकड आणखीच जाणवते. २०१२ च्या अखेरीस भारतीय महासंघावर आंतरराष्ट्रीय निलंबनाची नामुष्की आली. पुढे जागतिक संघटनेचीच मान्यता २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने काढून घेतली, आणि २०२५ च्या मार्चपर्यंत लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ असेल की नाही याचीच शाश्वती नव्हती. ज्या खेळाकडे लोक पाहत नाहीत, त्याच्या दप्तरात काय चालते हे विचारणारेही कोणी नसते.

तेव्हा माझी तजवीज अशी. प्रत्येक जिल्हा संघटनेने आपल्या स्पर्धेची प्रत्येक लढत, अंतिमच नव्हे तर पहिल्या दिवसाचीही, नोंदवून इंटरनेटवर ठेवावी. तिच्याखाली खेळाडूचे नाव, वजनगट, क्लब, प्रशिक्षक आणि प्रत्येक पंचाने दिलेले फेरीनिहाय गुण मराठीत लिहावेत. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. आणि निवेदनासाठी एखाद्या निवृत्त मुष्टियोद्ध्याला मानधन देऊन बसवावे. मोबाइल आणि तिकाटणे कोणाकडेही असते. खर्च पडेल तो या मानधनाचा, आणि त्याची तरतूद सत्काराच्या शाली, श्रीफळे व फलक यांवरील रकमेतून यंदाच्याच हंगामापासून करता येईल.