हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम कमी झाला, पण खिशातून किती जाणार?

मागच्या आठवड्यात आई-बाबांच्या हेल्थ पॉलिसीच्या रिन्यूअलचा मेसेज आला. गेल्या वर्षी २९,५०० रुपये भरले होते, यंदा आकडा आला २५,०००. कारण तुम्हाला माहीत असेलच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तेव्हापासून फोनवर 'आता पॉलिसी स्वस्त, आजच घ्या' अशा नोटिफिकेशन्सचा नुसता पाऊस पडतोय.

साडेचार हजार वाचले, म्हणजे मी खूश व्हायला हवं. पण हीच पॉलिसी मी चार वर्षांपूर्वी एका तुलना करणाऱ्या अ‍ॅपवर 'प्रीमियम : कमी ते जास्त' असं सॉर्ट करून दहा मिनिटांत निवडली होती. गेल्या वर्षी बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिची खरी किंमत कळली.

१ लाख २० हजारांचं बिल

अ‍ॅडमिट करताना काउंटरवर विचारलं, "रूम कोणती देऊ?" बाबा म्हणाले, "जनरल चालेल रे." मीच हट्टाने ८,००० रुपये रोजाची एसी रूम घेतली. पाच लाखांचा विमा आहे, मग काळजी कसली! तीन दिवसांनी बिलाचा हिशोब असा निघाला :

- रूम : २४,००० रुपये. कंपनीने धरले १५,०००.
- सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग : ५६,०००. कंपनीने धरले ३५,०००.
- औषधं आणि तपासण्या : ३०,०००. पूर्ण धरले.
- ग्लोव्हज, मास्क, किट वगैरे : १०,०००. शून्य.

म्हणजे मंजूर झाले ८०,०००. त्यावर १० टक्के को-पे, म्हणजे आणखी ८,००० वजा. कंपनीने दिले ७२,००० आणि आमच्या खिशातून गेले ४८,०००. क्लेम 'पास' झाला होता बरं का!

डॉक्टरांची फी का कापली?

खरी मेख इथे आहे. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा होती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मला वाटलं, वरचे रोजचे ३,००० आपण भरू, संपलं. पण बऱ्याच हॉस्पिटलमध्ये रूम जितकी महाग, तितकी डॉक्टरांची आणि थिएटरची फीही जास्त लावतात. म्हणून कंपनी त्याच प्रमाणात बाकीचा खर्चही कापते. याला म्हणतात प्रपोर्शनेट डिडक्शन. आमचं प्रमाण होतं ८,००० ला ५,००० म्हणजे ६२.५ टक्के. त्यामुळे ५६,००० चे झाले ३५,०००. रूमचे जादा ९,००० आणि त्यामागोमाग हे २१,०००. एका रूमपायी ३०,००० रुपये कापले गेले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच ठरवून दिलंय की औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर ही कपात लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये रूमप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे तर ती लावताच येत नाही. तुमच्या बिलात असं काही कापलं असेल, तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर बीमा भरोसा पोर्टल आणि विमा लोकपाल आहेतच.

तुलना करताना हे चार आकडे बघा

१. रूम रेंट : 'मर्यादा नाही' किंवा 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेलं बरं. '१ टक्का' दिसलं की थांबा आणि तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलचा रूमचा दर विचारा.

२. को-पे : प्रत्येक क्लेममध्ये तुमचा वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हा हमखास सापडतो. २० टक्के को-पे असेल, तर ५ लाखांच्या मंजूर बिलात १ लाख तुमचे.

३. डिडक्टिबल : इतकी रक्कम आधी तुम्ही भरायची, त्यानंतर कंपनी. सुपर टॉप-अपमध्ये '५० लाखांचं कव्हर' स्वस्तात दिसतं ते यामुळेच. पहिले ५ लाख दुसऱ्या पॉलिसीतून किंवा खिशातून आणायचे असतात.

४. सब-लिमिट आणि वेटिंग पीरियड : मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा असू शकते. आधीपासूनच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती.

हे फोनवर कुठे सापडतं?

पॉलिसीसोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट म्हणजे सीआयएस नावाचा कागद येतो. १ जानेवारी २०२४ पासून तो नव्या सोप्या नमुन्यात देणं कंपन्यांना बंधनकारक आहे आणि तो मराठीतही मागता येतो. विकत घेण्याआधीच पीडीएफ डाउनलोड करा, सर्चमध्ये 'रूम', 'को-पेमेंट', 'डिडक्टिबल', 'सब-लिमिट' टाका. मग माझ्यासारखंच एक काल्पनिक बिल घेऊन दोन्ही पॉलिसींतून खिशातून किती जातं ते काढा. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

घेतल्यानंतर चूक कळली तरी ३० दिवसांच्या फ्री-लूक काळात पॉलिसी परत करता येते. आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर विसंबून असाल, तर एचआरकडून तिचीही रूम मर्यादा विचारून घ्या.

मी काय करतोय?

वाचलेले ४,५०० मी खर्च करणार नाही. रूम मर्यादा काढणारा आणि ग्लोव्हज-किटचा खर्च देणारा रायडर किती रुपयांना पडतो, ते कंपनीला ईमेलवर विचारलंय. पोर्टिंगचाही विचार केला. त्यात वेटिंग पीरियडची झालेली वर्षं वाया जात नाहीत, पण नवी कंपनी बाबांचं वय आणि तब्येत बघून नकार देऊ शकते. म्हणून हातातली पॉलिसी सोडायची घाई नाही. तुम्हाला पोर्ट करायचं असेल, तर रिन्यूअलच्या दोन महिने आधीच तयारीला लागा.

बाबा अजूनही म्हणतात, "मी जनरलमध्ये राहिलो असतो." त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती. पॉलिसी घेतानाच मी रूम रेंटची ती एक ओळ वाचायला हवी होती.