कोठार कुणासाठी?



मागच्या महिन्यात एका गावी कांदाचाळीची जागा पाहायला गेलो होतो. घर ख्रिस्ती कुटुंबाचे, चाळ पंचवीस टनी. माप घेऊन झाले, चहा आला, आणि मालकाच्या मातोश्री म्हणाल्या, "साहेब, बायबलातल्या त्या शेतकऱ्यासारखं आमचं होऊ नये म्हणजे झालं."

ती गोष्ट त्यांनीच सांगितली. लूकच्या शुभवर्तमानात आहे. एकाची जमीन उदंड पिकली. माल ठेवायला जागा पुरेना. त्याने बेत केला, जुनी कोठारे पाडायची, मोठी बांधायची आणि मग वर्षानुवर्षे बसून खायचे, मजा करायची. त्याच रात्री त्याला वरचे बोलावणे आले.

"मग चाळ बांधूच नये का?" मी विचारले. अनुदानाचा अर्ज माझ्याच पिशवीत होता!

"बांधावी की. पण त्याच्या बेतात शेजारी कुठं होता?"

खरा प्रश्न मग निघाला. शेजारी एक विधवा बाई आहे. अर्धा एकर कांदा करते, आणि ठेवायला जागा नाही म्हणून मे महिन्यात मिळेल त्या भावाने देऊन टाकते. चाळीतला एक कप्पा तिला बिनभाड्याने द्यावा, असे मातोश्रींचे म्हणणे. मुलाने मात्र पंचवीसच्या पंचवीस टन दिवाळीच्या भावाने धरले आहेत. चारचाकीचा हप्ता त्यातूनच जायचा आहे. माय-लेक दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी चहा संपवला.

परतताना वाटेत कार्व्हर आठवला. वीणा गवाणकरांच्या १९८१ सालच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे तो आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. अमेरिकेत १८६४ च्या सुमारास गुलाम आईच्या पोटी जन्मलेला हा मुलगा. निओशो गावच्या मरिया वॉटकिन्स या बाईंनी त्याला घरात ठेवून घेतले, एक बायबल दिले आणि बजावले, शीक, आणि शिकलेले आपल्या लोकांना परत दे. ते बायबल त्याने मरेपर्यंत जवळ ठेवले.

शेतीशास्त्राची मोठी पदवी घेऊन १८९६ साली तो अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत आला. कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन पार खंगलेली. कसणारे बहुतेक वाट्याने करणारे, दुकानदाराच्या उधारीत बुडालेले. त्याने त्यांना चवळी, भुईमूग, रताळी लावायला सांगितले. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, हे आपण आज सहज बोलतो. त्या माणसांना ते शेतात दाखवावे लागले. प्रयोगशाळेला सामान नव्हते, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांना उकिरड्यावर पाठवून बाटल्या, डबे गोळा करविले. १९०६ साली अवजारे आणि बियाणे भरलेली गाडी गावोगाव निघाली. आमच्या विस्तार खात्याची ती आजीच म्हणायची. १९१६ साली भुईमुगाची पुस्तिका काढली, तीत लागवडीबरोबर १०५ पदार्थांची कृती दिली, म्हणजे पीक घरातल्या बाईच्याही कामी यावे.

तो काही देवमाणूस नव्हता. आल्या आल्या जास्तीच्या खोलीसाठी तक्रार केली, पेट्यांत उंदीर शिरून नुकसान करताहेत असे लेखी कळवले. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या मला हे वाचून फार बरे वाटले. आणि सुखाचे त्याला वावडे होते असेही नाही. चित्रे काढी, विणकाम करी, पहाटे रानात हिंडे, कोटाला रोज फूल लावी. कोट मात्र जुनाच. १९०७ पासून रविवारी मुलांना बायबल शिकवी. शेंगदाण्यापासून एवढ्या वस्तू बनवल्या, पण पेटंटे आयुष्यात तीनच घेतली. ५ जानेवारी १९४३ ला गेला, तेव्हा सुमारे साठ हजार डॉलरांची पुंजी संशोधनासाठी मागे राहिली. जमवणे त्यालाही येत होते. कुणासाठी, एवढेच आधी ठरलेले होते.

हे त्या मुलाला सांगायला हवे होते. मी तर चहा पिऊन, "अर्ज लवकर द्या," म्हणून निघून आलो.

पुढच्या आठवड्यात चाळ पूर्ण झाल्याची पाहणी आहे. कप्पे कुणाकुणाचे, असा रकाना अर्जात नाही. तरी विचारणार आहे.