ढोकीच्या कावळ्यांचा इशारा

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव एरवी ‘तेरणा’ साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. २०२५च्या फेब्रुवारीत मात्र तेथे कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याआधी जानेवारीत उदगीरचे कावळे याच रोगाने दगावले होते; नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एका बिबट्याच्या मृत्यूमागेही ‘एच५एन१’ हाच विषाणू आढळला होता. पक्ष्यांचा रोग सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचतो, ही यातील गंभीर बाब आहे.

फ्लूच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनएच्या आठ तुकड्यांत विभागलेले असते. त्याच्या प्रती निघताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याची सोय या विषाणूकडे नाही. म्हणूनच त्यात उत्परिवर्तने सतत घडतात. बहुतेक निरुपयोगी ठरतात, एखादे मात्र नव्या शरीरात तग धरण्यास उपयोगी पडते. ‘पीबी२’ या प्रथिनात ६२७व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदलले, तरी हा विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशींत अधिक सहजतेने वाढू शकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये तो दुभत्या गायींतही शिरला. माणसाकडून माणसाकडे सहज पसरण्याची क्षमता त्याने अद्याप मिळवलेली नाही. परंतु प्रत्येक नवा वाहक म्हणजे त्याला मिळालेली आणखी एक संधी असते.

ही संधी नाकारायची, तर पहिली खबर वेळेवर मिळायला हवी. खरी अडचण तेथेच आहे. २००६ मध्ये नवापूरला देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून बाधित परिसरातील कोंबड्या नष्ट करणे हाच मुख्य उपाय राहिला आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. परसात चार-दोन गावरान कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाला खबर देण्यात आपले नुकसानच दिसले, तर दोष त्याच्या अज्ञानाला देता येणार नाही. मेलेल्या पक्ष्यांचीही काही भरपाई देऊन हा तिढा सोडवता येईल.

कावळ्याला तर धनीच नाही. पिंडाला तो शिवावा म्हणून ताटकळणारा समाज उकिरड्यावर मेलेल्या कावळ्याकडे सहसा फिरकत नाही. त्याला उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे, हे ग्रामपंचायतीचे नित्याचे काम झाले पाहिजे. विषाणूच्या चुका रोखणे कोणाच्या हाती नाही. खबर दडपण्याची चूक टाळणे मात्र निश्चितच आहे.